कवीची ओवी आणि संपादकाची लेखणी

धर्मग्रामाचा वार्षिक सण किंवा नाताळ जवळ येऊ लागला म्हणजे नियतकालिकांच्या टपालात कवितांची भर पडू लागते. कोणी अभंग पाठवितो, कोणी ओव्या, कोणी बाळ येशूचा पाळणा, तर कोणी नव्या वळणाचा मुक्तछंद. संपादक त्यांतील काही निवडतो, काही परत करतो. इथवर सर्व यथास्थित असते. परंतु निवडलेली कविता छपाईला जाण्यापूर्वी घटकाभर संपादकाच्या मेजावर विसावते आणि त्या घटकेत कित्येकदा असे काही घडते की, त्याची वार्ता कवीला अंक हाती पडेपर्यंत लागत नाही. एखादा शब्द बदलतो, एखादी ओळ गळते, मथळा निराळाच येतो. कवीचे नाव मात्र खाली जसेच्या तसे राहते. कवीला न विचारता त्याच्या रचनेत केलेला असा बदल कितपत न्याय्य, याचा विचार आज करण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय क्षुल्लक आहे, असे काही वाचकांना वाटेल. एका शब्दाने काय बिघडते, असेही कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक हकीकत सांगतो. सीमाभागातील एका खेड्यात शिक्षकाचे काम करणारे आमचे एक स्नेही आहेत. आपल्या ख्रिस्तमंदिराच्या सणासाठी त्यांनी पवित्र मरियेवर एक अभंग रचून एका नियतकालिकाकडे पाठविला. अभंगाचे माप आपणा सर्वांच्या कानांत बसलेले आहे. पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. त्यांच्या ध्रुपदात ‘माय’ हा शब्द होता. संपादकमहाशयांना तो घरगुती वाटला असावा. त्यांनी त्याच्या जागी ‘जननी’ हा भारदस्त शब्द घातला. दोन अक्षरांच्या शब्दाची जागा तीन अक्षरांच्या शब्दाने घेतली आणि सहाचे सात झाले. सणाच्या दिवशी गायनमंडळाने छापील अंक समोर ठेवून अभंग म्हणावयास घेतला, तेव्हा प्रत्येक आवर्तनाला ठेका अडखळू लागला. मिस्सा आटोपल्यावर लोकांनी विचारले, “काय मास्तर, अक्षरे मोजावयास विसरलात काय?” ते आम्हांला म्हणाले, “अहो, घरी आम्ही आईला ‘माय’ म्हणूनच हाक मारीत असू. म्हणून तर तो शब्द योजला होता. आता चूक दुसऱ्याची आणि खाली नाव माझे!” त्यानंतर त्यांनी कोठेही कविता पाठविलेली नाही.

वाचकहो, या लहानशा गोष्टीत प्रश्नाचे सारे मर्म आले आहे. गद्यलेखात एक शब्द बदलला तरी अर्थ बहुधा उभा राहतो. कवितेत अर्थ, नाद आणि माप ही तिन्ही एकमेकांत विणलेली असतात. एक धागा ओढला की सगळा पदर गोळा होतो. अक्षरगणवृत्तात तर प्रत्येक अक्षराचे लघुगुरुत्व ठरलेले असते. कवीने वृत्तासाठी मुद्दाम ऱ्हस्व लिहिलेला ‘मति’ शब्द नियमाने दीर्घ करणारा मुद्रितशोधक शुद्धलेखन सांभाळतो आणि वृत्त मोडतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनीही वृत्ताचे बंधन पाळताना ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत कवीला मोकळीक दिलेली आहे. जे स्वातंत्र्य व्याकरणाने दिले, ते संपादकाने काढून घ्यावे, हे उचित नव्हे.

चांगल्या हेतूने आणि मोठ्या विद्वत्तेने केलेली दुरुस्तीसुद्धा कशी फसते, याचे एक ठळक उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेच्याच इतिहासात आहे. सतराव्या शतकातील पोप आठवे अर्बन हे स्वतः लॅटिन भाषेतील नामांकित कवी होते. धर्मगुरूंच्या नित्य प्रार्थनाग्रंथातील जुनी स्तोत्रे त्यांच्या अभिजात रुचीला खडबडीत वाटत. त्यांतील कित्येक स्तोत्रे मध्ययुगातील होती. त्या काळच्या कवींनी प्राचीन रोमी कवींप्रमाणे ऱ्हस्वदीर्घ अक्षरांच्या मापावर नव्हे, तर उच्चारातील आघाताच्या तालावर रचना केली होती. पोपमहाशयांनी चार येशूसंघीय पंडितांना बसविले आणि या स्तोत्रांत सुमारे साडेनऊशे दुरुस्त्या झाल्या. सुधारलेला प्रार्थनाग्रंथ १६३२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या भाषेत बोलावयाचे तर, जनाबाईची ओवी घेऊन ती शार्दूलविक्रीडितात बसविण्याचाच हा उद्योग होता. वृत्त शुद्ध झाले, पण शतकानुशतके ओठांवर रुळलेले शब्द गेले. लॅटिन भाषा आली आणि भक्ती निघून गेली, अशा अर्थाची म्हणच त्यावरून रूढ झाली. बेनेडिक्टिन, सिस्टर्सियन आणि डॉमिनिकन या जुन्या संघांनी आपल्या मठांतून पूर्वीचेच पाठ चालू ठेवले. अखेर दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर १९७१ मध्ये नवा लॅटिन प्रार्थनाग्रंथ निघाला, तेव्हा त्यात बहुतांशी जुने पाठ पुन्हा स्वीकारण्यात आले. दुरुस्ती काही वर्षांत झाली होती. तिची दुरुस्ती होण्यास मात्र ३३९ वर्षे लागली.

ते स्तोत्रकार केव्हाच परलोकवासी झालेले होते, त्यांची परवानगी कोठून आणणार, असे कोणी म्हणेल. म्हणून आता हयात कवीचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात ॲमहर्स्ट या गावी एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) या कवयित्री राहत. त्यांनी सुमारे अठराशे कविता लिहिल्या, पण त्यांच्या हयातीत जेमतेम दहा छापल्या गेल्या. त्याही बहुतेक निनावी आणि संपादकांच्या हातून बदललेल्या. १४ फेब्रुवारी १८६६ रोजी स्प्रिंगफील्डच्या एका दैनिकात त्यांची गवतातून सरपटणाऱ्या सापावरील कविता आली. मथळा संपादकाने दिला होता. त्याहून त्यांच्या जिव्हारी लागली ती एक विरामखूण. तिसरी आणि चौथी ओळ मिळून एकच वाक्य आहे, असा कवयित्रीचा अभिप्राय होता. छापताना तिसऱ्या ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह पडले आणि दोन्ही ओळी एकमेकींपासून तुटल्या. आपले साहित्यिक स्नेही थॉमस हिगिन्सन यांना त्यांनी त्याच वर्षी पत्राने कळविले की, ही कविता आपल्यापासून हिरावून घेण्यात आली असून त्या विरामचिन्हाने तिसरी ओळही आपल्या हातून गेली.

एका चिन्हासाठी एवढा शोक कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण या बाईंच्या रचनेत लहानमोठ्या आडव्या रेघा, मध्येच घातलेली मोठी अक्षरे आणि अर्धवट जुळणारी यमके यांनाच मोठा अर्थ होता. त्यांच्या निधनानंतर बहिणीला त्यांच्या पेटीत कवितांच्या हस्तलिखित वह्या सापडल्या. १८९० मध्ये त्यांतील काही कविता हिगिन्सन आणि मेबल लूमिस टॉड यांनी संपादून प्रसिद्ध केल्या. दोघेही कवयित्रीचे चाहते होते, शत्रू नव्हते. परंतु यमके गुळगुळीत करावीत, रेघा काढून टाकाव्यात, मथळे द्यावेत, असे त्यांना वाटले, आणि त्यांनी ते केले. मूळ हस्तलिखितांशी इमान राखणारी समग्र आवृत्ती थॉमस जॉन्सन यांनी १९५५ मध्ये काढली. म्हणजे पासष्ट वर्षे जगाने जी कवयित्री वाचली, ती काही अंशी तिच्या संपादकांची होती.

याच्या शेजारी आणखी एका कवीची कथा ठेवावी, असे आम्हांला वाटते. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स हे इंग्लंडमधील येशूसंघीय धर्मगुरू. संघात प्रवेश केल्यावर त्यांनी काव्यलेखन जवळजवळ सोडले होते. डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉइचलँड’ नावाचे जहाज थेम्स नदीच्या मुखाशी वाळूवर आदळून फुटले. जर्मनीतील कायद्यांमुळे देशोधडीला लागलेल्या पाच फ्रान्सिस्कन धर्मभगिनी त्यात बुडाल्या. त्या वार्तेने हॉपकिन्स यांचे मन हेलावले, आणि वरिष्ठांच्या इच्छेचा इशारा मिळताच त्यांनी त्यावर दीर्घ काव्य लिहिले. त्याचा ताल अगदी नवा होता. वाचकाने तो चुकू नये म्हणून त्यांनी शब्दांवर आघाताच्या खुणा केल्या होत्या. येशूसंघाच्याच मासिकाकडे ते काव्य गेले. या खुणा काढून टाकाव्यात, असे त्यांना सुचविण्यात आले. आईला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली अडचण सांगितली आहे. वाचक खुणांवाचून ओळी बरोबर वाचतील अशी खात्री असती, तर आपण त्या आनंदाने काढल्या असत्या. पण ओळ चुकीच्या तालात वाचली की तिचा नाश होतो. तरीही संपादकाची मर्जी राखण्यासाठी पुष्कळशा खुणा सोडून देण्यास ते तयार होते. काही ओळींवर मात्र त्या हव्यातच, एवढाच त्यांचा आग्रह होता. शेवटी मासिकाने ते काव्य छापलेच नाही. हॉपकिन्स १८८९ मध्ये वारले. त्यांचे मित्र आणि राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांनी १९१८ मध्ये त्यांच्या कवितांचे पुस्तक काढले. प्रती होत्या अवघ्या ७५०. आज इंग्रजी काव्याच्या इतिहासात त्या काव्याचे स्थान अढळ आहे.

या दोन कथांची तुलना केली असता आम्हांला एक गोष्ट विशेष जाणवते. हॉपकिन्स यांच्या बाबतीत संपादक चुकला, असे आज आपण म्हणतो. पण त्याने कवीला आधी विचारले. जमले नाही तेव्हा काव्य परत केले. कवीला दुःख झाले खरे, परंतु काव्य अखंड राहिले आणि बेचाळीस वर्षांनी का होईना, प्रकाशात आले. डिकिन्सनबाईंची कविता स्वीकारली गेली, लगोलग छापली गेली, आणि तीच त्यांना परकी झाली. नकार देण्याचा अधिकार संपादकाला आहे, आणि नकाराने कोणाच्या मालमत्तेला हात लागत नाही. स्वीकार करून गुपचूप बदलणे ही गोष्ट निराळी. तेथे कवीच्या तोंडी त्याने न उच्चारलेला शब्द घातला जातो.

भक्तिगीतांच्या क्षेत्रात तर हा रोग फार जुना आहे. इंग्लंडमधील मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७८० च्या आपल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत लोकांना विनविले आहे की, आमची गीते खुशाल छापा, परंतु ती सुधारू नका. सुधारणे भागच असेल तर मूळ पाठ समासात किंवा पानाच्या तळाशी द्या, म्हणजे दुसऱ्याच्या बडबडीचा जाब आम्हांला द्यावा लागणार नाही. गंमत अशी की, त्यांचे बंधू चार्ल्स यांच्या १७३९ मधील प्रसिद्ध नाताळगीताची पहिली ओळ जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी १७५३ मध्ये बदलली होती, आणि जग आज तीच बदललेली ओळ गाते. बदल कधी कधी लोकांच्या पसंतीस उतरतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरी गंमत अशी की, स्वतः जॉन वेस्ली यांनी जॉर्ज हर्बर्ट या थोर कवीच्या रचना आपल्या चालींत बसविण्यासाठी बिनदिक्कत कापल्या होत्या. दुसऱ्याच्या ओळीवरून लेखणी सहज चालते. आपली ओळ कापली गेली म्हणजेच कापणे कशाला म्हणतात ते समजते.

आपल्या मराठीत या बाबतीतला विवेक पुरातन आहे. संत एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, अनेक पोथ्या ताडून पाहून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. मधल्या तीनशे वर्षांत लेखकांच्या हातून आणि हौशी लोकांच्या बुद्धीने त्यात पुष्कळ भर पडली होती. नाथ स्वतः केवढे कवी! त्यांना ज्ञानेश्वरीत चार ओव्या सहज मिसळता आल्या असत्या. त्यांनी उलट असे बजावून ठेवले की, या ग्रंथात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नारळाची नरोटी ठेवली असे समजावे. सर्व संपादकांनी आपल्या मेजावर लिहून ठेवावा असा हा दृष्टांत आहे.

आणि आपल्या फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची कथा तर आपल्या घरचीच आहे. हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा मुद्रण झाले. आज त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे सालढाणा यांनी आवृत्ती काढली. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित अभ्यासकांपुढे आले, तेव्हा असे दिसले की, रोमन प्रतींत जेथे पोर्तुगीज किंवा लॅटिन वळणाचे धर्मशब्द आहेत, तेथे देवनागरी प्रतीत अनेक ठिकाणी संस्कृत शब्द आहेत. यातील कोणता शब्द फादरसाहेबांचा आणि कोणता दुसऱ्या कोणाचा, यावर विद्वानांत वाद आहे. ज्याने कोणी बदल केला, त्याने पानाच्या कडेला एक ओळ लिहून ठेवली असती, तर हा वाद उद्भवता ना.

कायद्याची बाजूही सांगणे अवश्य आहे. साहित्यहक्कांविषयीच्या बर्न येथील आंतरराष्ट्रीय करारात १९२८ मध्ये रोम येथे एक कलम घालण्यात आले. ग्रंथकाराने आपले आर्थिक हक्क विकले, तरी आपल्या कृतीच्या विकृतीला हरकत घेण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो, असा त्याचा आशय. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५७ व्या कलमाने हेच तत्त्व स्वीकारले. कृतीची मोडतोड किंवा फेरफार लेखकाच्या मानाला अथवा लौकिकाला बाधक ठरत असेल, तर त्याला न्यायालयातून मनाई मिळविता येते किंवा भरपाई मागता येते. हिंदीतील लेखिका मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरील चित्रपटाच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे स्पष्ट केले की, हक्क लिहून देणारा करारसुद्धा या कलमाला अधीन ठेवूनच वाचावयाचा असतो. आमचे मास्तर काही न्यायालयात जाणार नाहीत, आणि एका अभंगासाठी कोणी जावे असेही आम्ही म्हणत नाही. परंतु कवीची तक्रार म्हणजे केवळ मानीपणा नव्हे, हे कायदाही ओळखतो, एवढे ध्यानात असावे.

आता संपादकाची बाजू. त्याचे ओझे आम्ही जाणतो. पान ठरलेले असते, जागा अपुरी असते, अंक ठरल्या दिवशी टपालात पडावा लागतो. हस्ताक्षर कधी कधी असे असते की, ‘भक्ती’ आहे की ‘शक्ती’ ते संदर्भावरून ठरवावे लागते. उघड हस्तदोष सुधारणे हे त्याचे कर्तव्यच आहे. धार्मिक नियतकालिकावर तर अधिक जबाबदारी असते. श्रद्धेच्या शिकवणुकीशी विसंगत असे विधान कवितेत आले, तर ते तसेच छापता येत नाही. हे सर्व मान्य. पण यांतील कोणत्याही कारणाने कवीला न विचारण्याची मुभा मिळत नाही. शिकवणुकीचा प्रश्न असेल तर विचारणे अधिकच अगत्याचे, कारण कवीची चूक असेल तर ती त्याला समजली पाहिजे, आणि संपादकाचा गैरसमज असेल तर तो दूर झाला पाहिजे.

विचारपूस करून, दोघांच्या संमतीने झालेले संपादन किती फलदायी होते, याचेही उदाहरण आहे. टी. एस. एलियट यांनी ‘द वेस्ट लँड’ या काव्याचा कच्चा खर्डा आपले मित्र एझ्रा पाउंड यांच्यापुढे ठेवला. पाउंड यांनी त्यातील पानेच्या पाने काटली. काव्य १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि एलियट यांनी पुढे ते कृतज्ञतेने पाउंड यांनाच अर्पण केले. १९७१ मध्ये तो खर्डा छापून निघाला, तेव्हा पाउंड यांची पेन्सिल किती निर्दयपणे चालली होती ते जगाला दिसले. निर्दय पेन्सिलीचे कवीने आभार मानले, कारण शेवटचा शब्द कवीचा होता. एखादी सूचना त्याने घेतली, एखादी घेतली नाही.

तेव्हा आमच्या मते रीत अगदी सोपी आहे. कविता पसंत असेल तर जशी आहे तशी छापावी. नापसंत असेल तर दोन गोड शब्द लिहून परत करावी. थोड्या बदलाने ती चांगली होईल असे वाटत असेल, तर कवीला पत्र टाकावे किंवा दूरध्वनी करावा. हल्ली निरोप क्षणात पोहोचतो, तेव्हा वेळ नव्हता ही सबब फारशी टिकत नाही. उत्तर न आल्यास ती कविता पुढील अंकापर्यंत राखून ठेवावी, नाताळचे गीत असेल तर फार तर पुढच्या नाताळापर्यंत. आणि बदल करूनच छापणे सर्वथा अटळ असेल, तर कवीच्या संमतीने ‘संक्षिप्त’ किंवा ‘संपादित’ असा एक शब्द खाली छापावा. जागा अर्ध्या ओळीची लागते.

कविमित्रांनाही चार शब्द सांगितले पाहिजेत. कविता स्वच्छ अक्षरांत लिहावी आणि तिची प्रत आपल्याजवळ ठेवावी. वृत्तासाठी मुद्दाम ऱ्हस्वदीर्घ बदलले असेल किंवा एखादा शब्द गावच्या बोलीतला असेल, तर समासात तसे लिहावे, म्हणजे मुद्रितशोधकाचा गैरसमज होणार नाही. संपादकाची सूचना आली की लगेच रुसू नये. ती बरोबर असण्याचाही संभव असतो. आणि न विचारता बदल झालाच, तर रागाने लेखणी खाली ठेवण्याऐवजी सभ्य शब्दांत पत्र लिहावे आणि मूळ पाठ पुढील अंकात छापण्याची मागणी करावी. प्रामाणिक संपादक ती नाकारणार नाही.

आपल्या लहान लहान धर्मग्रामांत कविता लिहिणारे लोक मूठभरच असतात. कोणी शिक्षक, कोणी धर्मभगिनी, कोणी दिवसभराच्या कामानंतर दिव्याखाली बसणारी गृहिणी. त्यांना मानधन मिळत नाही, कीर्तीही मिळत नाही. आपण लिहिले ते आपल्याच शब्दांत आपल्या माणसांपर्यंत पोहोचावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. आमच्या स्नेह्यांच्या वहीत तो अभंग ‘माय’ या शब्दासह अजून आहे. यंदाच्या सणाला गायनमंडळाने तो वहीवरूनच उतरून घ्यावा, असे आम्ही त्यांच्या धर्मगुरूंना सुचविले आहे.